मोरीच्या पाण्याचे पथ्यपाणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्याकडे नेहमी येणाऱ्या ७२ वर्षांच्या एक आजी मागच्या दारी घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना तपासायला घरी गेलो, तेव्हा त्या पडल्या ती जागा पाहिली. न्हाणीघराचे पाणी नळीवाटे परसात सोडलेले होते आणि वाटेतील फरशीवर हिरवे शेवाळ धरले होते. पलीकडे उघड्या पिंपात तेच पाणी झाडांसाठी भरून ठेवले होते. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे आम्ही. पाणी वाया घालवायचे जिवावर येते हो."

त्यांचा हेतू योग्यच होता. पद्धत चुकली होती. म्हणून आज औषधांऐवजी सांडपाण्याविषयी लिहितो आहे. डॉक्टरने या विषयात का पडावे, असे कुणाला वाटेल. त्यांनी देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांना आठवावे. गावाची दुखणी केवळ गोळ्यांनी हटणार नाहीत हे ओळखून त्यांनी आयुष्यभर शौचालये आणि गावस्वच्छतेचे काम केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

कालची मोरी, आजची मोरी

मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ वाढवणे ही आपली जुनी रीत. परंतु त्या काळी पाणी विहिरीतून शेंदावे लागे, म्हणून ते बेतानेच वापरले जाई. त्यात राख, शिकेकाई, डाळीचे पीठ असे आणि जमीन ते सहज पचवी. आज शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटरचा हिशेब धरतात. त्या पाण्यात डिटर्जंट, शाम्पू, तेलाचा ओशटपणा आणि फिनेल मिसळते. ते एकाच जागी पडत राहिले की जमीन तुंबते, दुर्गंधी सुटते आणि डास वाढतात.

दगडांवरचे जिवंत अस्तर

यावर घरगुती जैविक गाळणी हा चांगला उपाय आहे. ही गाळणी म्हणजे पाणी झिरपू न देणारा, खडीने भरलेला वाफा. अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी आधी एका झाकणबंद लहान टाकीत येते. तेथे केस, धागे, गाळ आणि साबणाचा साका अडतो. मग ते वाफ्याच्या एका टोकाने शिरून खडीतून संथपणे दुसऱ्या टोकाला जाते. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली निदान दहा सेंटीमीटर राहील अशी निचऱ्याची नळी बसवतात. पृष्ठभाग कोरडा असल्याने डासांना अंडी घालायला जागा उरत नाही.

खडीच्या प्रत्येक दाण्यावर काही आठवड्यांत जिवाणूंचे बुळबुळीत अस्तर तयार होते. पाण्यातील कुजणारे पदार्थ हे जिवाणू खातात. खरे काम त्यांचे. कर्दळ, वेखंड किंवा पाणकणीस यांची मुळे त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू पुरवतात.

चार माणसांच्या घरात असे पाणी दिवसाला सुमारे ३०० लिटर निघते असे धरू. त्यासाठी ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल वाफा पुरतो. त्यात पाण्याची उंची ५० सेंटीमीटर ठेवली, तर खडीच्या फटींत सुमारे ८०० लिटर पाणी मावते. म्हणजे पाणी आत अडीच दिवसांहून थोडे अधिक मुरते. स्वयंपाकघराचे पाणी जोडायचे असल्यास तेल अडवणारी वेगळी टाकी हवीच. अन्यथा ओशटपणाने खडी बुजते.

या वाफ्याने पाण्याचा गढूळपणा आणि वास बराच जातो. रोगजंतू मात्र कमी होतात, नाहीसे होत नाहीत. पाणी नितळ दिसले तरी ते पिण्याचे नव्हे, भांडी घासण्याचेही नव्हे.

वडीलधारे असलेल्या घरासाठी पथ्ये

१. वाफ्याच्या आधी नळीला फिरवता येणारी झडप बसवावी. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, लघवी-शौचाने माखलेले कपडे धुवायचे असतील किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर ते पाणी वाफ्यात न सोडता शौचालयाच्या मार्गाने जाऊ द्यावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे कपडे रोजच धुवावे लागत असतील, तर तो नळ वाफ्याला जोडूच नये.

२. फिनेल, ब्लीच आणि ॲसिड जिवाणूंचे अस्तर मारतात. रुग्णाच्या खोलीसाठी जंतुनाशक वापरणे भागच असते. तेव्हाही झडप फिरवावी.

३. गाळलेले पाणी साठवू नये. त्याच दिवशी झाडांना द्यावे. डेंग्यूचा एडिस डास तुलनेने स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे नितळ पाण्याचे उघडे पिंप त्याला आयतेच मिळते.

४. पाणी फवाऱ्याने उडवू नये. तुषार श्वासावाटे आत जातात. ते पालापाचोळ्याच्या थराखाली, झाडाच्या बुंध्याशी सोडावे. केळ, नारळ आणि फुलझाडांना चालेल. कोथिंबीर, मुळा, गाजर, पालेभाज्या यांना देऊ नये. अळूचा मोहही आवरावा.

५. टाकीतील गाळ महिन्यातून एकदा काढावा. ते काम घरातील तरुणाने, हातमोजे आणि गमबूट घालून करावे. मधुमेहींनी आणि पायाला भेगा असलेल्यांनी अनवाणी तेथे मुळीच जाऊ नये. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि जंतूला कातडीवरची लहानशी जखमही पुरते.

६. मागच्या दाराची वाट कोरडी आणि खरखरीत असावी. तेथे हाताला धरायला कठडा आणि संध्याकाळी दिवा हवा.

सदनिकेत राहणाऱ्यांनी स्वतः नळांची मोडतोड करू नये. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी त्याच दिवशी कुंड्यांना घातले, तरी बरीच बचत होते.

आजी-आजोबांच्या घरी आता पिंप नाही. त्या जागी कर्दळीचा वाफा आहे आणि मुलाने कठडाही बसवला आहे. आजी वॉकर घेऊन त्या कठड्यापर्यंत येतात. पूर्वीसारखे चालणे राहिले नाही, याची खंत त्यांना आहे आणि मलाही आहे; ती फरशी मी त्या पडण्याआधी पाहायला हवी होती. परवा त्यांनी विचारले, "एका कडेला अळू लावले तर?" मी नको म्हटले आणि झडपेचे, फिनेलचे, पिंपाचे नियम पुन्हा एकदा सांगितले. त्या हसल्या. "माझ्या मधुमेहापेक्षा या वाफ्याचीच पथ्ये जास्त, डॉक्टर!"

दोन्हीकडची पथ्ये पाळली, तर दोघेही नीट राहतील, एवढेच मी त्यांना सांगितले.