उजेडाचा रेटा, उजेडाचा पीळ

भंडाऱ्यात मी भौतिकशास्त्र शिकवलं ते धान पिकवणाऱ्या घरांतल्या पोरांना. त्यांना सूत्रापेक्षा एकराचा हिशेब लवकर पटतो. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॅट. भागिले उजेडाचा वेग, की चौरस मीटरवरचा रेटा मिळाला. एकरभर बांधीने ते सगळं शोषलं, तर अख्ख्या बांधीवरचा रेटा दीड ग्रॅम वजनाएवढाही भरत नाही. पण शून्यही नाही! मॉस्कोत लेबेडेव्हने असा रेटा १९०० च्या सुमारास मोजला.

रेटा म्हणजे उजेडाने दिलेला संवेग, आणि अशा राशी का टिकतात याचं मूळ १९१८ साली गणितज्ञ एमी नोएथरबाईंनी दाखवलं. (तेव्हा त्या गॉटिंगेनला बिनपगारी शिकवत, हे मी मुलींना मुद्दाम सांगायचो.) निसर्गाचे नियम कालचेच आज आहेत, म्हणून ऊर्जा टिकते. पवनीतले नियम तेच तुमसरात, म्हणून संवेग टिकतो. टेबल कोणत्याही दिशेला फिरवा, नियम बदलत नाहीत, म्हणून फिरकी, म्हणजे कोनीय संवेग, टिकते. उजेडाचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं हे तिन्ही पाळतात, तेव्हा उजेडालाही यातून सुटका नाही.

उजेडाच्या फिरकीवर मात्र पोरांचा विश्वास बसत नसे. बेथ या भौतिकशास्त्रज्ञाने १९३६ साली बारीक तंतूला टांगलेली क्वार्ट्झची चकती उजेडाने वळवून दाखवली होती. मला त्याहून आवडतो तो २००४ सालचा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला प्रयोग. दीपक माथुर, जयश्री धर्माधिकारी, शोभोना शर्मा आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात तांबड्या रक्तपेशी धरल्या. अवरक्त किरण भिंगाने एका बिंदूवर एकवटले की पेशी तिथेच अडकून राहते. तिची चपटी चकती दुमडून दांडीसारखी होते. निरोगी पेशी तशीच गप्प राहते. हिवतापाचे जंतू शिरलेली पेशी मात्र फिरायला लागते.

खोच अशी की तो उजेड रेषीय ध्रुवित होता. त्यात उजवी आणि डावी फिरकी समसमान, म्हणजे एकूण शून्य. मग पेशी फिरली कशी? जंतूंनी तिचा आकार वाकडातिकडा केलेला असतो. त्यावरून विखुरताना उजेडाचा तोल बिघडतो आणि पेशीला मिळाली तेवढीच उलटी फिरकी घेऊन तो बाहेर पडतो.

निव्वळ पोकळीत उजव्या-डाव्याची ही वाटणी कधीच बिघडत नाही. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची अदलाबदल केली (एकाचं चिन्ह उलटून), तरी मॅक्सवेलची समीकरणं तशीच राहतात, आणि ही वाटणी त्या समानतेमुळेच टिकते. पदार्थ आला की समानता मोडते, कारण पदार्थात विद्युतभार सुटा सापडतो. चुंबकाचे कितीही तुकडे करा, एकटा ध्रुव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.