खुराड्याला ऊब नको, वारा हवा

कांद्याचे लिलाव आणि म्हशींचा बाजार यांमुळे नेवासा तालुक्यातलं घोडेगाव सगळ्यांना ठाऊक आहे. कोंबडीला मात्र इथं कोणी हिशेबात धरत नाही. घरातल्या बाईनं संध्याकाळी डालग्याखाली चार कोंबड्या झाकल्या, की झालं. अलीकडे परसात नीट खुराडं बांधून घरच्यापुरती अंडी घ्यावीत, असं अनेकांच्या मनात येतं. विचार चांगला आहे, कारण पोराबाळांच्या पोटात रोज एक अंडं जाणं ही मोठी गोष्ट आहे. पण बांधणीचे सल्ले ऐकीव असतात आणि हवामान आपलं असतं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि पौषातल्या पहाटे तोच दहाच्या खाली.

गैरसमज : कोंबडी थंडीनं मरते, म्हणून खुराडं चारी बाजूंनी बंद हवं.

सगळ्यात जास्त कोंबड्या या एका समजुतीपायी जातात. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, एवढेच तिचे उपाय. पारा पस्तिशीच्या वर गेला की तिचे हाल सुरू होतात आणि चाळिशीत कोंदट जागी ती पटकन दगावते. थंडीचं तसं नाही. अंग कोरडं असलं की मोठी कोंबडी पिसं फुलवून आठ-दहा अंशांची रात्र सहज काढते. अपवाद पिलांचा. त्यांना पहिले तीन-चार आठवडे बल्बची ऊब लागतेच.

बंद खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साचतो. सकाळी दार उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर रात्रभर आत बसलेल्या कोंबडीच्या छातीचं काय झालं असेल? म्हणून लांबीच्या दोन्ही बाजूंना खाली फूटभर भिंत आणि वर जाळी ठेवा. थंडीत वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट सोडा, पण वरची वीतभर फट उघडीच राहू द्या. कांदा चाळीत हवा खेळली नाही तर माल सडतो, हे घोडेगावात कोणाला शिकवायला नको. खुराड्याचंही तसंच समजा.

दिशा मात्र उन्हावरून ठरवायची. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं. जागा नक्की करण्याआधी उन्हाळ्यातल्या दुपारी तिथं स्वतः उभं राहून बघा. लिंबाची किंवा शेवग्याची सावली दुपारी तीनला कुठं असते, हे कागदावरच्या नकाशात दिसत नाही.

गैरसमज : वर पत्रा टाकला की काम झालं.

उघडा पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि ठेंगण्या खुराड्यात ती धग थेट दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर उतरते. छप्पर उंच घ्या आणि पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारा. त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर दोरीनं आवळून टाका. पाचट आपल्याकडे फुकटात मिळतं आणि बरेचदा ते बांधावर पेटवून दिलं जातं, याचं वाईट वाटतं. पश्चिमेकडच्या बाजूला ओलं गोणपाट लावलं, की कोरडी हवा त्यातलं पाणी शोषते आणि आत गार होऊन येते. उन्हाळ्यात हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा ते काढून ठेवावं.

कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते आणि उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. उन्हातलं प्लास्टिकचं भांडं तापलं की ती पाण्याला तोंड लावत नाही. सावलीत मातीची पसरट भांडी ठेवा आणि दुपारी पाणी बदला. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाका, कारण पचनामुळेही अंगात उष्णता वाढते.

गैरसमज : इथं पाऊसच नाही, जोतं कशाला?

पाऊस कमी असला तरी भाद्रपदात एखाद्या रात्री तो झोडपून काढतो. खुराड्यात खाली अंथरलेलं तूस भिजलं की रक्ती हगवण आलीच. दीड फूट जोतं आणि छपराला दोन-तीन फुटांची वळचण हवीच.

गैरसमज : कोंबडीची जाळी लावली की शत्रू आत येत नाही.

ती षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. कुत्रं ती फाडतं. मुंगूस तर कडेच्या फटीतून शिरतं आणि एका फेरीत सगळं खुराडं रिकामं करतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, ती बाहेरच्या बाजूला जमिनीत फूटभर गाडा आणि दाराला पक्की कडी लावा.

गैरसमज : गावरान कोंबडीला रोग होत नाही.

गावरान काटक असते, पण मानमोडी तिलाही सोडत नाही. १९२७ साली कुमाऊँतल्या राणीखेतला हा रोग आढळला, म्हणून कागदोपत्री त्याचं नाव राणीखेत. लक्षणं दिसल्यावर औषध नाही. लस हाच उपाय. पिलू आठवड्याचं होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी, की लसीच्या कुपीत शंभर-शंभर कोंबड्यांचे डोस असतात आणि एकदा कालवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कोणी धजत नाही आणि लस राहून जाते. आळीतल्या बायकांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं, तर सगळ्यांच्या कोंबड्यांचं काम एका सकाळीत उरकतं. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, कारण रोग बहुधा तिच्याबरोबरच घरात येतो.

गैरसमज : कोंबड्यांना काहीही घाला, सडका कांदासुद्धा.

घोडेगावात हे सांगायलाच हवं. कांदा जास्त पोटात गेला की जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. फेकायचा कांदा खतात जाऊ द्या. बुरशी लागलेल्या मक्यालाही तोच नियम.

गैरसमज : कोंबडा नसेल तर अंडी मिळत नाहीत.

मिळतात. कोंबडा फक्त पिलांसाठी लागतो.

राहिला आकडा. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर असा गट मिळतो, पण पहिल्याच वर्षी तेवढ्या घेण्याची गरज नाही. रात्रीसाठी दर कोंबडीला दोन चौरस फूट जागा, दांडीवर वीतभर आणि चार-पाच जणींत अंड्यांसाठी एक खोकं, या मापात सहा कोंबड्यांचं खुराडं छोट्या परसातही बसतं. दिवाळीच्या सुमारास आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा आणल्या, तर होळीच्या आसपास पहिली अंडी दिसू लागतात आणि मेचं ऊन यायच्या आत त्या जागेला रुळलेल्या असतात.