ऊन फुकट, भांडवल नव्हे

सज्जन-दुर्जन असा भेद न करता परमेश्वर सर्वांवर सूर्य उगवितो. मग उन्हापासून केलेल्या विजेस पैसे का पडावेत? हा प्रश्न इंदूरच्या सियागंजमधील एखाद्या घाऊक किराणा व्यापाऱ्यास विचारावा. मालाच्या भावात खरेदीबरोबरच गुंतलेल्या रकमेचे व्याजही धरावे लागते, हे त्यास शिकवावे लागत नाही. सौर विजेचेही तसेच आहे. कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. येथे इंधन फुकट, परंतु पंचवीस वर्षांच्या विजेचे बहुतेक मोल पहिल्याच दिवशी मोजावे लागते.

खुद्द इंदूर शहरानेच हा हिशेब मांडला आहे. नर्मदेचे पाणी जलूद येथून विंध्याचा चढ चढवून सुमारे ७० किलोमीटर आणावे लागते, आणि पंपांना वीज अतोनात लागते. तो खर्च कमी व्हावा म्हणून महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी कर्जरोखे काढून २४४ कोटी रुपये उभारले. व्याज दरसाल सव्वाआठ टक्के.

भांडवलच कमी लागावे म्हणून शास्त्रज्ञांनी काचेवर कॅडमियम टेल्युराइडसारख्या द्रव्याचा केसाहूनही पातळ थर देण्याची युक्ती काढली. द्रव्य थोडे लागते. परंतु सिलिकॉनच्या चांगल्या तक्त्यांच्या मानाने तेवढ्याच जागेत वीज काहीशी कमी मिळते, म्हणून जागा, सांगाडा व तारा अधिक लागतात. शिवाय सिलिकॉनही फार स्वस्त झाले. म्हणून आज बहुतेक छपरांवर सिलिकॉनच दिसते.

आता आपल्या घराचे पाहू. ३ किलोवॅटच्या संचास २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. ते वजा जाता, समजा, एक लाख रुपये घालावे लागले. रोज सुमारे १२ युनिट वीज मिळते. ती सारी उपयोगी पडली व युनिटमागे सहा रुपये वाचले, तर वर्षाची बचत सुमारे २६,००० रुपये. बँकेचे कर्ज आठ टक्क्यांनी असेल, तर पहिल्या वर्षीचे व्याज ८,०००. सावकाराचे महिना दोन टक्क्यांनी असेल, तर २४,०००! मुद्दल फिटावे कशातून?

जून २०२४ मध्ये दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी ‘बंधू सूर्य’ या नावाचे पत्र काढून व्हॅटिकनसाठी सौर वीज प्रकल्प उभारण्याची आज्ञा दिली. त्या बंधूस आपणही घरी अवश्य बोलवावे. मात्र त्याच्या पाठोपाठ सावकार उंबरठा ओलांडणार नाही, एवढे पाहावे, असे आम्हांस वाटते.