धावणाऱ्याचा देव आणि आपले कर्तव्य

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बीडहून जालन्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, शहागडच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे, ज्योत घेऊन धावणाऱ्या तरुणांचे जथे दिसू लागतात. तुळजापूरच्या भवानीपुढे पेटविलेली ज्योत घट बसण्यापूर्वी गावच्या देवीसमोर पोहोचवावयाची असते. मागे सावकाश चालणारा टेंपो, पुढे अनवाणी धावणारा एक तरुण. तो दमला की ज्योत दुसऱ्याच्या हाती. तुळजापूर ते जालना हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. या धावण्यास कोणी शर्यत म्हणत नाही आणि कोणी वेळही मोजीत नाही. तरीही लांब पल्ल्याच्या धावण्याची आपल्या भागातील खरी पाठशाळा हीच, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याच तरुणांपैकी पुष्कळजण वर्षाचे उरलेले दिवस निराळ्या कारणासाठी धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धाव आहेच. म्हणून अंबड, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पावले वाजत असतात. पाराजवळच्या मारुतीच्या पायरीला हात लावून धाव सुरू करावयाची आणि परत येऊन तेथेच श्वास सोडावयाचा, हा त्यांतील अनेकांचा नेम. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारी मुले बहुधा हीच असतात. त्यांच्यावर रागावणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

मारुतीची ही निवड आकस्मिक नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातील जांब या गावी झाला. सातारा, सांगली व कोल्हापूर परिसरातील अकरा मारुती त्यांनी स्थापिले, आणि बलोपासना व सूर्यनमस्कार ही तर त्यांच्या परंपरेची ओळखच होय. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या उपासनेत देवाकडे बळ मागणे आणि स्वतः बळ कमावणे या दोन गोष्टी वेगळ्या मानलेल्या नाहीत. नमस्कार हा व्यायामही आहे आणि वंदनही. लांब पल्ल्याच्या धावपटूला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. रोज त्याच वेळी उठणे, तेच अंतर कापणे, कोणी पाहत नसताना चुकारपणा न करणे, हे ज्या वृत्तीतून घडते तिला साधक निष्ठा म्हणतो आणि प्रशिक्षक शिस्त म्हणतो.

परंतु प्रार्थनेचा दुसराही एक प्रकार आहे, तो म्हणजे नवस. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक, अशा बाजारात प्रत्येकाने आपली वेळ दोन सेकंदांनी सुधारली तरी जागा एकीनेही वाढत नाहीत. सर्वांचे नवस एकाच भरतीत फळणे अंकगणिताच्या दृष्टीनेच अशक्य आहे. आपल्याला मात्र फळलेलेच नवस दिसतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मो फराह याने विजयानंतर धावपट्टीवर माथा टेकविला, इथिओपियाच्या मेसेरेत देफार हिने पाच हजार मीटरची शर्यत जिंकून मेरीमातेचे चित्र जगाला दाखविले. ती दृश्ये हृद्य होती यात शंका नाही. पण त्याच शर्यतींत मागे पडलेल्यांपैकी कोणी कमी मनोभावे हात जोडले होते, असे कोण म्हणेल? छायाचित्र जिंकणाऱ्याच्या प्रार्थनेचे निघते, एवढेच.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. लहानपणी शाळेसाठी तो मैलोगणती चालला, धावला. तथापि ॲथलेटिक्सचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले ते सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यानंतर. २०१८ साली त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो रौप्यपदक विजेता ठरला, सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष झाला. सैनींचा विक्रम अबाधित राहिला त्या ३७ वर्षांत मराठवाड्यात भक्तीचा दुष्काळ नव्हता. ज्योती निघत होत्या, मारुतीपुढे नारळ फुटत होते. दुष्काळ होता तो मैदानाचा, मार्गदर्शकाचा आणि सकस अन्नाचा.

म्हणूनच श्रद्धेच्या कौतुकातील एक धोका सांगणे अगत्याचे वाटते. ‘पोरगा जिद्दी आहे, देव त्याच्या पाठीशी आहे’ असे म्हणून आपण समाज या नात्याने मोकळे होतो. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत उमेदवारांना एका तासात दहा किलोमीटर धावावयास लावले गेले. ऑगस्टच्या उकाड्यात झालेल्या त्या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक तरुण दगावले. त्यांच्या घरीही देव्हारे असतीलच. धावण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी, पाण्याची सोय, उन्हाची वेळ टाळणे या गोष्टी देवाच्या अखत्यारीतील नव्हेत, त्या शासनाच्या अखत्यारीतील आहेत.

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी चारशे मीटरची साधी मातीची धावपट्टी, पहाटे दिवे आणि आठवड्यातून दोनदा येणारा जाणता प्रशिक्षक, एवढ्याची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. आज आपली मुले मालमोटारींच्या प्रकाशझोतात, रस्त्याच्या कडेच्या खडीवरून धावतात. घरी सुखरूप परतणे हाच तेथे पहिला नवस ठरतो.

धावणाऱ्याने प्रार्थना करावी की करू नये, हा सल्ला देण्याचा अधिकार अर्थशास्त्राला नाही. अखेरच्या फेरीत छाती फुटू लागते तेव्हा ओठांवर नाव कोणाचे यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र जी प्रार्थना ऐकण्यास जिल्ह्याचे क्रीडांगण आणि तालुक्याचा दवाखाना पुरेसा आहे, ती त्याला मारुतीच्या पायरीवर करावी लागू नये, एवढे पाहणे आपले काम आहे.