मैदानावर वांशिक शिवी ऐकली तर

मीरा-भाईंदरमध्ये देशभरातून आलेल्या कुटुंबांची मुलं एकत्र खेळतात. ‘चिंकी’, ‘कालू’ अशा हाका गंमत म्हणून खपवल्या जातात. त्या खपवून घेऊ नयेत.

मुंबईला हा प्रकार नवा नाही. १७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडेवर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून चिडवलं. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पुढच्याच जानेवारीत सिडनीत हरभजनसिंगवर सायमंड्सला वांशिक शिवी दिल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांना वांशिक शिवीचा पुरावा पुरेसा वाटला नाही. शिवीगाळीबद्दल निम्म्या मानधनाचा दंड तेवढा राहिला. २०१९मध्ये पाकिस्तानचा कर्णधार सरफराझ अहमद याचे वांशिक शेरेबाजीचे शब्द मात्र स्टंप-माइकने टिपले होते. त्याला चार सामन्यांची बंदी झाली.

शाळेच्या सामन्यात माइक नसतो. म्हणून नेमके शब्द, वेळ, साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. आयोजकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा वा राज्य क्रीडा संघटनेकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाचा जातीवरून जाहीर अपमान झाला असेल, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. तेव्हा संघटनेच्या चौकशीसाठी थांबू नका, पोलिसांकडे जा. मूल घाबरलं असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

शिवी देणारंही मूलच असेल, तर नुसत्या बंदीने भागणार नाही. त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकालाही समोर बसवून समजावलं पाहिजे.