देणगीची झोळी आणि स्वकष्टाची कमाई

गोमंतकातील सार्वजनिक संस्थांचा इतिहास हा बव्हंशी दात्यांच्या औदार्याचा इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत राजाश्रय नसतानाही मराठी शाळा आणि वाचनालये तग धरून राहिली, ती गावोगावच्या दानशूरांच्या बळावर. त्या ऋणाची जाणीव आम्हांस आहे. परंतु औदार्याचा झरा बारमाही वाहत नाही. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये येथील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. ज्याचा धंदाच बसला, त्याच्या दारी संस्थेने पावतीपुस्तक घेऊन कोणत्या तोंडाने जावे? म्हणून सेवाभावी संस्थांनी आपल्या खर्चाचा काही भार स्वतःच्या कमाईवर उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सेवा आणि व्यापार यांचे जमत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. तिला छेद देणारे उदाहरण आपल्या घरचेच आहे. मुंबईतील गोमंतकीयांच्या दि गोवा हिंदु असोसिएशन या १९१९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या कलाविभागाने ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२), ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘नटसम्राट’ (१९७०) ही नाटके रंगभूमीवर आणली. प्रेक्षकाने तिकीट काढले ते संस्थेची कीव येऊन नव्हे, तर नाटक पाहण्याच्या ओढीने. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’ने देणगी न स्वीकारण्याचे व्रत घेतले. गोवा मुक्तिसंग्रामात गोळी झेललेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या आणि सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या खानावळवाल्या स्त्रियांना त्यांनी बँकेची दारे उघडून दिली. पुढे मंडळाने स्वतःच जेवण पुरविण्याचा व्यवसाय चालविला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. संस्थेला जे उत्तम येते, तेच तिने विकले. आमच्या महिला मंडळांनी चवथीच्या दिवसांत नेवऱ्या व खाजे करावे, आमसुले विकावी. संगीतशाळेने सधनांकडून पुरेशी फी घ्यावी आणि गरिबाच्या मुलास माफी द्यावी. वाचनालयाने पुस्तकबांधणीचे काम पत्करावे. सभागृह भाड्याने देणे हा सर्वांत सोपा मार्ग; पण तो तितकाच निसरडा आहे. लग्नसराईत मंडप वाचनकक्षाच्या दारापर्यंत आला, की संस्था कोणासाठी आहे, याचाच विसर पडतो.

दुसरे पथ्य हिशेबाचे. कार्यकर्त्याचे विनामूल्य श्रम आणि फुकटची जागा जमेस धरून दाखविलेला नफा हा नफाच नव्हे. कार्यकर्ता थकला की तो आटतो. वस्तूची किंमत ठरविताना मजुरी, भाडे, नासधूस या साऱ्यांची मोजदाद झाली पाहिजे आणि मिळकतीतील काही अंश गंगाजळीत पडला पाहिजे.

कायद्याचेही भान ठेवावे लागेल. आयकर कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य करणाऱ्या संस्थांच्या व्यापारी व्यवहारांवर निर्बंध आले आणि २०१५ साली अशा जमेची मर्यादा एकूण जमेच्या २० टक्के ठरविण्यात आली. गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही कार्ये या मर्यादेबाहेर ठेवण्यात आली. तथापि त्यांचाही व्यवसाय मूळ उद्देशास पूरक असावा आणि त्याचा हिशेब स्वतंत्र असावा, ही अट आहेच. खेड्यातील लहान संस्थेला हे गणित एकटीने सुटणारे नाही. चार संस्थांनी मिळून एक जाणता हिशेबनीस ठेवावा, हे उत्तम.

सरकारकडे आमचे मागणे एवढेच, की अनुदानाची भाषा थोडी कमी करून कामाचे मोल वेळेवर द्यावे. गोव्यातील शाळांना माध्यान्ह आहार पुरविण्याचे काम स्वयंसाहाय्य गटांकडे आणि महिला मंडळांकडे सोपविण्यात आले. अशा कामाचे बिल रखडले, तर तांदूळ-डाळीची उधारी त्या बायांच्याच माथी बसते. वेळेवर चुकते केलेले बिल हे उशिरा मिळालेल्या अनुदानाहून शतपट मोलाचे होय.

देणगी घेण्यात कमीपणा नाही आणि ती यापुढेही लागेलच. अनाथ बालकाच्या किंवा निराधार वृद्धाच्या संगोपनातून कमाई होत नसते. तेथे समाजाने हात सैल सोडलाच पाहिजे. परंतु जिची झोळी सदैव पसरलेली, त्या संस्थेला दात्याचा चेहरा पाहून बोलावे लागते. खर्चाचा चौथा हिस्सा जरी घामातून उभा राहिला, तरी प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचे बळ तिच्या अंगी येते. आमच्या संस्थांना आज पैशाइतकीच या बळाची गरज आहे.