जुनं तुणतुणं हाती लागलं तर काय बघाल?

इलेक्ट्रिक गिटारचे संग्राहक १९५९च्या गिब्सन लेस पॉलसाठी जीव टाकतात. मूळ रंग, मूळ पिकअप, कुणी न छेडलेली वायरिंग असेल तर किंमत लाखो डॉलरवर जाते. तीच बारीक नजर आपल्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या गोंधळातल्या तुणतुण्याला मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पोकळ लाकडी नळकांडं, खालचं तोंड कातड्यानं मढवलेलं, बाजूला घट्ट बसवलेली काठी. कातड्याच्या मधोमध अडकवलेली एकच तार वर खुंटीला जाते. सॉलिड बॉडी गिटारचं लाकूड भरीव असतं, तारेची थरथर चुंबकाचं पिकअप टिपतं. इथं सगळा आवाज त्या कातड्याचा!

कातडं नवं दिसलं म्हणून वाद्य नाकारू नका. ते फाटतं, बदलावंच लागतं. खरी पारख लाकडाची. नळकांडं उजेडात धरून आत बघा, कोरल्याच्या खुणा दिसतात का ते. खुंटी काढून तिचं भोक बघा: वर्षानुवर्षं पिळून ते एका बाजूला झिजलेलं असतं. बगलेत धरायच्या जागी घामानं आलेली काळपट चकाकी तर कुठल्याच पॉलिशनं येत नाही.

म्हणून विनंती, घरातल्या जुन्या तुणतुण्याला वॉर्निश लावू नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, तार थोडी सैल करून ठेवा आणि ते कोण वाजवायचं, कुठल्या गावचं, हे आजच वहीत लिहून ठेवा.